फोर बाय फोर गाडी बर्फातून निघते, पण थांबते का?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की हिमाचलात मनालीजवळच्या सोलंग ते अटल टनेल या रस्त्यावरचे व्हिडिओ पुण्यातल्या ग्रुपांवर फिरू लागतात. पांढऱ्या उतारावर आडवी होऊन घसरत येणारी गाडी, दार उघडून उडी मारावी की नाही या विचारात असलेला चालक, मागून ओरडणारी माणसं. त्या रांगेत एमएच १२ आणि एमएच १४ च्या पाट्याही दिसतात. डिसेंबर २०२४ मध्ये याच टप्प्यात सुमारे हजार गाड्या अडकल्या आणि पोलिसांना पर्यटकांची सुटका करावी लागली. बर्फ पडला की तिथले पोलीस पुढे फक्त फोर बाय फोर किंवा चाकांना चेन लावलेल्या गाड्या सोडतात. त्यावरून इकडे एक समज पक्का झालाय: फोर बाय फोर असली की बर्फाची चिंता नाही.

यातला अर्धा भाग खरा आहे. उरलेला अर्धा माणसं दरीत घालतो. यंदाच्या हिवाळ्यात जे गाडी घेऊन तिकडे निघणार आहेत आणि रस्त्यात अडकलेल्यांना मदत करायची ज्यांची मनापासून इच्छा आहे, त्यांनी हे नीट समजून घ्यावं म्हणून हा लेख.

चारही चाकांना ताकद, म्हणजे नेमकं काय?

आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये इंजिनाची ताकद पुढच्या दोन चाकांना जाते. मागची दोन नुसती ओढली जातात. वळण घेताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं आणि आतलं कमी, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरता यावं यासाठी मध्ये एक गिअरांची जुळणी असते. तिला डिफरन्शियल म्हणतात. कोरड्या रस्त्यावर ही जुळणी उत्तम चालते. बर्फात मात्र तिची एक खोड उघडी पडते. ती दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, आणि किती जोर द्यायचा हे दोघांतलं कमजोर चाक ठरवतं. एक चाक बर्फावर आणि दुसरं डांबरावर असेल तर बर्फावरचं गरगर फिरत राहतं आणि डांबरावरचं ढिम्म हलत नाही.

फोर बाय फोर गाडीत गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाचा आणखी एक डबा असतो. तो ताकद पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही अॅक्सलना, म्हणजे चाकांच्या आसांना, वाटतो. थार, जिम्नी, गुरखा या गाड्यांमध्ये त्यासाठी वेगळा दांडा किंवा नॉब असतो. टू-एच म्हणजे फक्त मागची चाकं, फोर-एच म्हणजे चारही चाकं नेहमीच्या गतीने, आणि फोर-एल म्हणजे चारही चाकं, पण गती कमी आणि जोर दोन-अडीच पट.

या प्रकारात पुढचा आणि मागचा अॅक्सल एकमेकांना घट्ट जोडले जातात. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता पडतो, पण जोडणी त्यांना सारखंच फिरायला लावते. बर्फात चाक थोडं घसरतं आणि हा ताण निघून जातो. कोरड्या डांबरावर तो निघायला जागाच नसते, मग गिअरांवर येतो आणि गाडी वळताना अडकल्यासारखी होते. म्हणून बर्फाचा पट्टा संपून मोकळा रस्ता लागला की पुन्हा टू-एचवर यायचं. काही एसयूव्हींमध्ये ऑल व्हील ड्राइव्ह असतं. त्यात गाडी स्वतःच गरजेप्रमाणे दुसऱ्या अॅक्सलला ताकद पाठवते. तिथे ही काळजी नसते, पण सहसा फोर-एलही नसतं.

एक गोष्ट आवर्जून तपासा. थार दिसली म्हणजे ती फोर बाय फोर असेलच असं नाही. जानेवारी २०२३ पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारी थारही विकली जाते आणि बाहेरून दोन्ही जवळजवळ सारख्याच दिसतात. गाडी भाड्याने घेणार असाल किंवा मित्राची नेणार असाल, तर आत बसून दुसरा दांडा आहे का ते डोळ्यांनी पाहा.

फोर बाय फोरमध्येही दोन्ही अॅक्सलवर डिफरन्शियल असतातच, त्यामुळे पुढचं एक आणि मागचं एक चाक बर्फावर आलं तर चारचाकी ताकद असूनही गाडी जागीच राहू शकते. त्यावर उपाय म्हणजे डिफरन्शियल लॉक, जो दोन्ही चाकांना सारखंच फिरायला लावतो. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या गुरखात तो पुढे-मागे दोन्हीकडे आहे. जिम्नीसारख्या गाड्या घसरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडे वळवतात.

पकडीचा पगार

आता मुख्य मुद्दा. गाडी पळणं, थांबणं आणि वळणं या तिन्ही गोष्टी चार टायर जिथे रस्त्याला टेकतात तेवढ्याच जागेवर अवलंबून असतात. तिथे मिळणारी पकड महिन्याच्या पगारासारखी समजा. पळायचा, थांबायचा, वळायचा सगळा खर्च त्याच एका पगारातून भागवायचा. ब्रेकवरच सगळा उडवला तर वळायला काही उरत नाही. म्हणूनच बर्फावर करकचून ब्रेक मारला की स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते.

फोर बाय फोर हा पगार वाढवत नाही. पळण्याच्या वेळी दोनऐवजी चारही टायरांच्या वाट्याचे पैसे वापरू देतं, एवढंच. थांबायच्या वेळी तर हाही फरक उरत नाही, कारण चारही चाकांना ब्रेक प्रत्येकच गाडीला असतात. अल्टो असो की फॉर्च्युनर, ब्रेक चार चाकांचेच.

आकड्यांत पाहू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून साधारण ९ मीटरमध्ये थांबते. चाकांखाली दबून घट्ट झालेल्या बर्फावर तिलाच ३० मीटरच्या वर लागतात. गोठलेल्या पाण्याच्या थरावर ६० मीटरच्या वर. डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत जो सेकंदभर जातो, त्यातले ११ मीटर वेगळे. वेग निम्मा केला, म्हणजे ताशी २० वर आणला, तर तोच ६० चा आकडा १६ वर येतो. वेग निम्मा केला की थांबायचं अंतर पाव होतं, आणि यापेक्षा मोठा फायदा देणारं कुठलंही उपकरण बाजारात नाही.

हे झालं सपाट रस्त्याचं. उतारावर गाडीचं वजनच तिला खाली ओढत असतं. दहा मीटर गेल्यावर एक मीटर उतरणारा उतार असेल, तर गोठलेल्या थरावर मिळणारी सगळीच्या सगळी पकड या ओढीतच संपते. ब्रेक लावा किंवा नका लावू, गाडी थांबणार नाही. व्हिडिओत ज्या गाड्या अगदी सावकाश, पण न थांबता घसरत येतात, त्यांच्या बाबतीत हेच झालेलं असतं. चालक ब्रेक दाबून बसलेलाच असतो.

चढते ती गाडी उतरेलच असं नाही

दबलेल्या बर्फाच्या चढावर दोनचाकी ताकदीची गाडी एका मर्यादेनंतर चढतच नाही. चाकं गरगरतात, जळक्या रबराचा वास येतो, चालक नाइलाजाने थांबतो. त्याला ते अपमानास्पद वाटत असेल, पण त्या गरगरणाऱ्या चाकाने त्याला रस्त्याची हालत वेळेवर सांगितलेली असते. ज्या चढावर ही गाडी अडते, तो उतरताना ब्रेक अजून काम करू शकतात, कारण ब्रेक चार चाकांचे असतात.

फोर बाय फोर गाडी साधारण दुप्पट चढ चढू शकते. चाक घसरत नाही, आवाज येत नाही, आत गाणी सुरू असतात, सगळं छान वाटतं. ती अशा उतारावर जाऊन पोहोचते जिथून खाली येताना ब्रेकही पुरेसे पडत नाहीत. रस्ता किती निसरडा आहे हे या गाडीच्या चालकाला पहिल्यांदा कळतं ते ब्रेक लावल्यावर.

म्हणून चढताना मधेच, मागेपुढे कुणी नसताना, अगदी कमी वेगात ब्रेकवर हलका पाय देऊन पाहायची सवय लावा. एबीएस (ब्रेक लावल्यावर चाकं अडू न देणारी यंत्रणा) लगेच थरथरलं तर पुढच्या वळणाच्या आत परत फिरायचा विचार करा.

बर्फ एका जातीचा नसतो

नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ दिसायला भीतीदायक, पण त्यातल्या त्यात बरा. टायरची खाच त्यात रुतते आणि थोडी पकड मिळते. शंभर गाड्या जाऊन तो दबला की वाईट होतो. सगळ्यांत वाईट ब्लॅक आइस. दुपारच्या उन्हात वितळलेलं पाणी रस्त्यावर पसरतं आणि सूर्य डोंगराआड गेला की त्याचा पातळ, पारदर्शक थर बनतो. खालचं डांबर दिसत असल्याने रस्ता नुसता ओला वाटतो. तिकडचे चालक त्याला पाला म्हणतात आणि चारनंतर पर्यटक वर निघाले की काळजीने मान हलवतात.

तो सावलीतल्या वळणांवर, पुलांवर, बोगद्याच्या तोंडाशी आणि रस्त्यावरून ओहोळ वाहतो तिथे असतो. ओळखायच्या दोन खुणा. रस्ता ओला दिसतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडत नाही. आणि टायरांचा नेहमीचा आवाज अचानक बंद होऊन स्टिअरिंग हलकं लागतं. असं झालं तर काहीही झटक्यात करू नका. अॅक्सिलरेटर हळू सोडा, स्टिअरिंग जिथे जायचंय त्या दिशेला धरा आणि तो पट्टा पार होऊ द्या.

बर्फ जितका थंड तितका निसरडा, असंही नाही. शून्य अंशाच्या आसपास त्याच्यावर पाण्याचा सूक्ष्म थर असतो, तेव्हा तो सर्वांत निसरडा. उणे पंधरावर पकड उलट बरी मिळते. मोबाइलवर शून्य किंवा एक अंश दिसला की "फार थंडी नाही" असं म्हणून निर्धास्त होण्यात म्हणून धोका आहे.

मग उतरताना फोर बाय फोरचा काहीच उपयोग नाही?

एक उपयोग आहे, आणि तो मोठा आहे. खालच्या गिअरमध्ये पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की इंजिन स्वतःच गाडीला मागे धरतं. नवले पुलाच्या उतारावर न्यूट्रलमध्ये सोडलेल्या अवजड गाड्यांचं काय होतं, हे पुण्यात कुणाला सांगायला नको. बर्फात इंजिनाचा हा रोध फक्त दोन चाकांवर आला तर ती चाकं अडून घसरू शकतात. चारही चाकांवर वाटला गेला तर गाडी सरळ राहते. फोर-एल, पहिला किंवा दुसरा गिअर, पाय क्लचवर नाही, ब्रेक जवळजवळ नाहीच, आणि माणूस चालतो त्या गतीने उतरायचं. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये गिअर धरून ठेवायचा. उतार सुरू व्हायच्या आधीच हे करायचं, मधे नाही.

ब्रेक लावावाच लागला आणि गाडीला एबीएस असेल, तर पेडल दाबून धरा. थरथर होईल, खडखड आवाज येईल, पाय काढू नका. एबीएस चाकं अडू देत नाही, त्यामुळे स्टिअरिंगने दिशा देता येते. थांबायचं अंतर मात्र ते कमी करेल असं समजू नका.

"टायर दणकट आहेत की"

ताम्हिणीच्या चिखलात उपयोगी पडणारे मोठ्या गठ्ठ्यांचे मड टायर बर्फाच्या टणक थरावर साध्या टायरांपेक्षाही वाईट ठरू शकतात. चिखलात ते खोल रुतून खालची घट्ट जमीन शोधतात. गोठलेल्या थरात रुतायला काही नसतं आणि मोठ्या गठ्ठ्यांमुळे रस्त्याला टेकणारं रबर उलट कमी होतं. शिवाय साधं रबर साधारण सात अंशांखाली कडक होत जातं. हिवाळी टायरांचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्यांवर असंख्य बारीक चिरा असतात. त्यांच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असते. नुसतं एम प्लस एस लिहिलेलं असेल तर ते कंपनीने स्वतःच जाहीर केलेलं असतं, त्यामागे बर्फातली चाचणी असेलच असं नाही.

आठ दिवसांसाठी हिवाळी टायर घेणं आपल्याला परवडणारं नाही. आपल्यासाठी चेन. मनालीत त्या भाड्याने मिळतात. पण बर्फ पडत असताना, रांगेत, आयुष्यात पहिल्यांदा चेन लावायला बसलात तर हाल होतात. आधी ती जमिनीवर सपाट पसरून गुंता सोडवायचा, चाकावरून टाकायची, मग आडवं पडून हात चाकामागे घालायचा आणि आतला हुक न बघता अडकवायचा. हातमोजा घातला तर हुक सापडत नाही, काढला तर दोन मिनिटांत बोटं बधिर. त्यानंतर बाहेरचा हुक, ताण देणारं रबर, गाडी अर्ध्या चाकाएवढी पुढे, पुन्हा घट्ट करणं. शंभरेक मीटर गेल्यावर उतरून परत एकदा. शक्य असेल तर चेन विकतच घ्या आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा लावून पाहा. आपल्या चाकाच्या मापाची आहे का आणि चाकाच्या कमानीत तिला जागा आहे का, तेही इथेच कळेल.

चेन ज्या चाकांना ताकद जाते त्यांना लावायची. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला मागे चेन लावून काही होणार नाही. फोर बाय फोरला चारही चाकांना लावणं सर्वांत चांगलं, कारण फक्त पुढे लावली तर उतारावर मागचा भाग फिरतो आणि फक्त मागे लावली तर स्टिअरिंग ऐकत नाही. एकच जोडी असेल तर कुठे लावायची ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. वेग ताशी तीसच्या आसपास, आणि मोकळं डांबर लागलं की चेन काढायची.

पुण्याहून निघण्याआधी

तीन गोष्टी इथेच बघून घ्या. उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये कुणी साधं पाणी भरलं असेल तर कूलंट पातळ झालेलं असतं. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि इंजिनाला तडा जाऊ शकतो, तेव्हा कूलंट बदलून घ्या. काच धुण्याच्या टाकीतलं साधं पाणीही गोठतं. डिझेल गाडी असेल तर इथून भरलेल्या टाकीवर लडाखपर्यंत जाऊ नका. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण घट्ट होऊन फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं ते याचसाठी. टायरची हवा तिकडे पोहोचल्यावर सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासा.

गाडीत असू द्या: छोटं फावडं, जाड ब्लँकेट, डोक्याला बांधायची बॅटरी, दोन जोड हातमोजे, वाळूची पाच-दहा किलोची पिशवी, आणि जेवढी माणसं त्यांना एक दिवस पुरेल इतकं खाणं-पाणी. शेंगदाण्याची चिक्की यासाठी उत्तम, थंडीतही दातांखाली येते आणि पोटाला आधार देते.

समोर कुणाची गाडी अडकली आहे. आता?

आपली गाडी फोर बाय फोर, समोर एक कुटुंब अडकलेलं. थांबावंसं वाटणं स्वाभाविक आहे आणि थांबावंच. पण मदत करणारी गाडी हीच त्या जागचा पुढचा अपघात ठरते, असं बर्फात फार सहज होतं. जिथे ती गाडी घसरली, तिथेच तुमचीही घसरणार. म्हणून अडकलेल्या गाडीच्या जवळ नेऊन थांबवू नका. सपाट किंवा खरबरीत जागा शोधा, जिथे मागून येणाऱ्याला तुम्ही दुरून दिसाल. चारही दिवे लुकलुकते ठेवा आणि एका माणसाला वळणाच्या अलीकडे, रस्त्याच्या डोंगराकडच्या कडेला, बॅटरी घेऊन उभं करा. उतारावर घसरलेल्या गाडीच्या खालच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही, मग ढकलायची घाई कितीही असो. दोन गाड्यांच्या मधे तर नाहीच.

दोरी सर्वांत शेवटी. सोलंगच्या थोडं वर एकदा पाहिलेलं सांगते. एका हॅचबॅकची पुढची चाकं कडेच्या गटारात उतरली होती. मागच्या गाडीतल्या मुलांनी लगेच दोरी काढली. तेवढ्यात एक वयस्कर टॅक्सीचालक फावडं घेऊन उतरला आणि त्याने कुणाशी न बोलता चारही चाकांपुढचा बर्फ काढायला सुरुवात केली. मग गुडघ्यांवर बसून गाडीच्या पोटाखालचा बर्फ ओढून काढला, कारण गाडी त्या ढिगावर टेकली होती आणि चाकांवर वजनच येत नव्हतं. नंतर डिकीतल्या पोत्यातली राख टायरांपुढे पसरली. चालकाला स्टिअरिंग सरळ करायला लावलं, गिअर दुसरा, क्लच अगदी सावकाश. गाडी थोडी मागे, थोडी पुढे झाली आणि निघाली. दोरीला हातही लागला नाही.

दुसरा गिअर याच्यासाठी की त्यात चाकावर येणारा जोर कमी असतो आणि ते घसरत नाही. चाक गरगरायला लागलं की लगेच थांबा. गरगरणारं चाक खालचा बर्फ वितळवतं, तो परत गोठतो आणि खड्डा आणखी गुळगुळीत होतो. भुसभुशीत बर्फात ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे घसरणाऱ्या चाकाला आवरणारी यंत्रणा, चालू असलं तर ते इंजिनाचा जोर कापत राहतं. बाहेर निघेपर्यंत ते बंद ठेवा, निघाल्यावर न विसरता चालू करा. पायपुसण्यासुद्धा टायरखाली घालता येतात, फक्त त्यामागे कुणी उभं नको, कारण त्या गोळीसारख्या मागे फेकल्या जातात.

ओढूनच काढायची वेळ आली तर

आधी मालकाला विचारा. हुक कुठे आहे हे त्याच्या मॅन्युअलमध्ये असतं. अनेक गाड्यांत बंपरवरचं छोटं झाकण काढून तिथे हुक पूर्ण पिळून बसवायचा असतो. हा हुक गाडी रस्त्यावरून ओढत नेण्यापुरता असतो, झटका सोसायला नाही. बंपर, सस्पेन्शनचे दांडे आणि ट्रेलरचा गोळा यांना दोरी कधीही बांधू नका. दोरीच्या ताणाने तो लोखंडी गोळा तुटला की काच फोडून आत येतो, जगभर यात माणसं मेली आहेत.

तुमच्या गाडीला चेन असेल तर आधी ती लावा. फोर-एल, पहिला गिअर, दोरी हळू ताणली जाऊ द्या, मग सावकाश ओढा. दोरीच्या मधोमध जाड ब्लँकेट टाका, म्हणजे तुटली तर उसळत नाही. बाकी सगळे दोरीच्या लांबीच्या दीडपट तरी दूर. इशारे एकानेच द्यायचे. दोरी लांब असेल तर आणखी चांगलं, तुमची गाडी बर्फाबाहेर मोकळ्या डांबरावर राहू शकते.

आणि काही वेळा नाही म्हणायचं. दुसरी गाडी दरीच्या कडेला असेल, तुमच्यापेक्षा जड असेल, किंवा तुम्हालाच उतारावर उभं राहावं लागत असेल, तर दोरी बांधू नका. दोन्ही गाड्या एकत्र जातील. ११२ ला फोन लावा, माणसांना डोंगराकडच्या दाराने बाहेर काढा आणि क्रेनची वाट पाहा.

"मदत केली आणि आपल्यावरच आलं तर?"

ही भीती खूप जणांना थांबवते. अपघातात सापडलेल्याला चांगल्या हेतूने, काही मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ए संरक्षण देतं. ते २०१९ च्या दुरुस्तीने आलं. मदत करताना जखमीला इजा झाली किंवा त्याचा मृत्यू झाला, तरी त्याबद्दल तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नुसत्या अडकलेल्या गाडीचा बंपर ओढताना तुटला तर मात्र हे कलम कामाला येईल असं धरू नका. म्हणूनच मालकाची संमती आधी.

रात्र गाडीत काढायची वेळ आली तर

हीटर लावून काचा बंद करून झोपणं, इथे सर्वांत मोठा धोका आहे. बर्फ साचून सायलेन्सरचं तोंड बुजलं की धूर गाडीत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणसाला डोकं जड वाटतं, झोप येते आणि तो उठत नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं गेली, त्यांतली काही या वायूने गेल्याचं सांगितलं गेलं. त्यांत लहान मुलंही होती.

इंजिन सुरू करण्याआधी प्रत्येक वेळी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढायचा. तासाला दहा मिनिटं इंजिन पुरे. वारा ज्या बाजूने येतो त्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी. एकजण जागा. रांगेत फिरून इतर गाड्यांच्या काचांवर टकटक करणं आणि त्यांचे सायलेन्सर मोकळे करणं, ही फोर बाय फोर नसलेल्या माणसालाही करता येणारी मदत आहे.

कुणी थरथरत असेल तर ओले कपडे काढून कोरडे घाला, डोकं झाका, गोड आणि कोमट काहीतरी द्या. थरथर थांबली पण बोलणं अडखळायला लागलं, तर ते बरं होण्याचं नाही, बिघडण्याचं लक्षण आहे. बधिर बोटं चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका. दारूने अंगात ऊब आल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात त्वचेतून उष्णता भराभर निघून जाते.

गाडी राहू दे, माणसं खाली न्या

फोर बाय फोर, चेन आणि बर्फात चालवलेला हात, हे तिन्ही तुमच्याकडे असेल तर त्या रस्त्यावर तुमच्या हातून होणारी सर्वांत मोठी मदत दोरीने होत नाही. ती मागच्या सीटवर होते. गाड्या दुसऱ्या दिवशी निघतात. लहान मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाई, दम्याचा पेशंट यांना रात्र पडायच्या आत सोलंग किंवा पलचानपर्यंत पोहोचवणं जास्त महत्त्वाचं. पोलिसांना सांगून न्या, कोण कुठे गेलं याची नोंद राहते आणि मागे राहिलेल्या नवऱ्याचा जीव टांगणीला लागत नाही. क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरू नका. मागच्या चाकांवर जास्त भार पडला की उतारावर स्टिअरिंग हलकं होतं.

ज्यांची गाडी मागे राहणार त्यांना चार गोष्टी करायला सांगा. गाडी कडेला, बर्फ हटवणारं यंत्र जाईल इतकी जागा सोडून. चाकं डोंगराकडे वळवलेली, गाडी गिअरमध्ये, चाकांना उताराच्या बाजूने दगड. हँडब्रेक ओढायचा नाही, कारण तो गोठला तर सकाळी सुटत नाही. वायपर काचेपासून उचलून ठेवलेले. फोन नंबर लिहिलेला कागद काचेच्या आतून दिसेल असा लावायचा, आणि औषधांची पिशवी व मुलांचे कोरडे मोजे गाडीत विसरायचे नाहीत.